‘मेडिसिनल’ या शब्दासाठी पन्नास लाख?

सांगली जिल्ह्यातल्या एकवीस वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलंय. टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीची परीक्षा तोंडावर आहे, आतापर्यंतचे गुण उत्तम. बारावीला गणित होतं, बायो नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आजीला टीबी झाला. सहा महिने रोजच्या गोळ्या हिनंच दिल्या आणि तेव्हापासून औषध शोधण्याच्या कामातच जायचं हे डोक्यात पक्कं बसलंय. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठानं ‘मेडिसिनल अँड बायॉलॉजिकल केमिस्ट्री’ या एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी ऑफर दिली आहे. फी, राहणं, प्रवास धरून खर्च पन्नास लाखांच्या आसपास. वडील शाळेत क्लार्क आहेत, दोन एकर द्राक्षबाग तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. परदेशाचं ठरल्यासारखं होतं म्हणून हिनं आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीची जॅम ही प्रवेशपरीक्षा दिलीच नाही. एमआयडीसीत नोकरी करणारे मामा म्हणतात, ‘केमिस्ट्रीवाले शेवटी क्यूसीतच (मालाचा दर्जा तपासायला) बसतात, त्यापेक्षा बी.एड. कर.’ मैत्रिणी कोल्हापूरला ऑरगॅनिकला चालल्यात. हिच्या मते ऑरगॅनिक म्हणजे मेकॅनिझमची पाठांतरं, त्यात औषध कुठं आलं? शिवाय बायो नसल्यामुळं तिकडं आपलं हसं होईल, ही धास्ती आहेच. डिपॉझिट भरायला तीन आठवडे उरलेत. ‘जाऊ की नको, एवढंच सांगा,’ असं तिनं विचारलंय.

*

एवढंच सांगून भागणार नाही गं. तुझ्या पत्रात अशा तीन-चार गोष्टी तू धरूनच चालली आहेस, ज्यांच्याकडे आधी नीट पाहायला हवं. सुरुवात आजीच्या गोळ्यांपासून करू, कारण तुझ्या निम्म्या धास्तीचं उत्तर त्या पाकिटातच आहे.

पहिले दोन महिने त्या गोळीत चार औषधं होती. त्यातलं रिफाम्पिसिन तुला आठवत असेल, लघवी लाल-केशरी करतं तेच. मला बोलायचंय ते आयसोनियाझिडबद्दल. त्याची रचना कागदावर काढून बघ: पिरिडीनची रिंग, तिच्यावर कार्बोनिल आणि त्याला जोडलेलं हायड्रॅझिन. एस्टर घ्यायचं, हायड्रॅझिन घालायचं, झालं. प्रागमध्ये हान्स मायर आणि योसेफ माली यांनी १९१२ मध्येच हे संयुग बनवलं होतं. बनवलं, लिहून ठेवलं आणि विषय संपला. त्यानं टीबीचा जंतू मरतो हे कळायला १९५०चं दशक उजाडावं लागलं. तेव्हा मात्र तीन कंपन्यांना ते जवळजवळ एकाच वेळी, स्वतंत्रपणे सापडलं. मधल्या चाळीस वर्षांत टीबीनं किती घरं रिकामी केली, हे वेगळं सांगायला नको. बनवणाऱ्यांची केमिस्ट्री कुठंच चुकली नव्हती. ‘हे शरीरात गेलं तर काय करेल?’ हा प्रश्न त्यांच्या कामाचा भाग नव्हता, इतकंच. ज्या विषयाचं नाव तुझ्या ऑफर लेटरवर आहे, तो सगळा विषय या एका प्रश्नावर उभा आहे.

आता बायोचं. आजीला त्या गोळ्यांबरोबर बी-६ जीवनसत्त्वाची गोळीही दिली असशील. ती कशासाठी, हे कुणी सांगितलं होतं का? तू प्रॅक्टिकलला अल्डिहाइड-कीटोन ओळखायला २,४-डीएनपीची टेस्ट करतेस. टेस्टट्यूबमध्ये दोन थेंब टाकले की नारिंगी पीपीटी (साका) पडतो आणि आपण जर्नलमध्ये ‘कार्बोनिल ग्रुप प्रेझेंट’ लिहून मोकळे होतो. तिथं काय घडतं? हायड्रॅझिनचा नायट्रोजन कार्बोनिलला भिडतो, पाणी बाहेर पडतं, हायड्रॅझोन तयार होतं. शरीरातल्या बी-६च्या एका रूपाला, पिरिडॉक्सालला, अल्डिहाइड आहे. आयसोनियाझिडला हायड्रॅझिनचं टोक आहे. दोघं भेटले की हायड्रॅझोन होणारच. जीवनसत्त्व असं खर्ची पडत गेलं की हातापायाला मुंग्या येतात, म्हणून वरून बी-६ द्यायचं. तुझ्या प्रॅक्टिकलची टेस्ट आजीच्या शरीरात सहा महिने रोज चालू होती. फरक एवढाच की तिथं नारिंगी पीपीटी कुणाला दिसत नव्हता.

हे समजायला बेडूक कापलेला असावा लागत नाही. आयसोनियाझिड स्वतः जंतूला मारत नाही. जंतूचंच कॅटजी नावाचं एन्झाइम त्याला जागं करतं, मग ते एनएडी या पेशीतल्या रेणूला चिकटतं, आणि ही जोडी इन्हए नावाच्या दुसऱ्या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसते. जंतूची मेणासारखी भिंत बांधण्याचं काम तिथं अडतं. कॅटजीच्या जनुकात बदल झालेला जंतू औषधाला दाद देत नाही, कारण तो औषधाला जागंच करत नाही. या वाक्यांत तुला अडलेले शब्द मोज. एन्झाइम, एनएडी, जनुक, फार तर आणखी एखादा. अमिनो आम्लं, प्रथिनांची घडण, एन्झाइमचा वेग कसा मोजतात, डीएनएपासून प्रथिनापर्यंतचा रस्ता, आणि गोळी पोटात गेल्यापासून लघवीवाटे बाहेर पडेपर्यंतचा प्रवास. सुरुवातीला एवढी शिदोरी पुरते. अकरावी-बारावीची बायोची पुस्तकं आणि एनपीटीईएल या सरकारी वेबसाइटवरचे बायोकेमिस्ट्री आणि मेडिसिनल केमिस्ट्रीचे फुकट कोर्स यांत ती मिळते. एका सुटीचं काम आहे. कमला सोहोनी यांनी मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. केली ती रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र घेऊन, आणि १९३९ मध्ये केंब्रिजहून पीएच.डी. मिळवली ती जीवरसायनात. तेव्हा बायो नसण्याची धास्ती सोडून दे. या कोर्सना तुझ्यासारखे बायो नसलेले केमिस्ट्रीवाले जातातच. त्यांची दांडी उडते ती बहुधा ऑरगॅनिक कच्चं असल्यामुळं.

आणि इथं आपण तुझ्या दुसऱ्या गृहीतकापाशी येतो, की ऑरगॅनिकमध्ये औषध नाही. तू ज्या देशात जायचं म्हणतेस, त्याचा या विषयावर जुना हक्क आहे. १८६८ मध्ये एडिंबरात अलेक्झांडर क्रम ब्राऊन आणि थॉमस फ्रेझर यांनी स्ट्रिक्नीनसारखी अल्कलॉइड (वनस्पतींतली नायट्रोजन असलेली संयुगं) घेतली आणि त्यांच्या नायट्रोजनवर मिथाइल आयोडाइडनं आणखी एक मिथाइल चढवला. स्ट्रिक्नीननं प्राण्याला झटके येतात. मिथाइल चढवलेल्या क्षारानं उलट स्नायू लुळे पडायला लागले, बाणाला लावायच्या क्युरारे विषासारखे. रचना बदलली की शरीरावरचा परिणाम बदलतो, हे इतक्या थेट त्याआधी कुणी दाखवलं नव्हतं. त्याच शहरातल्या विद्यापीठातून प्रफुल्लचंद्र रायांनी १८८७ मध्ये डी.एस्सी. घेतली आणि कलकत्त्याला परतून बेंगॉल केमिकल्स ही औषध कंपनी उभी केली. आता मला सांग, नायट्रोजनवर मिथाइल चढवून क्वाटर्नरी क्षार करणं तुला कुठं शिकवलं? हॉफमनच्या एक्झॉस्टिव्ह मिथायलेशनमध्ये. परीक्षेत पाच मार्कांना येतं म्हणून पाठ केलंस, तेच हे. तुझ्या कॉलेजात ते पाठांतरासारखं शिकवलं गेलं असेल, मी नाकारत नाही. त्याचा राग विषयावर काढू नकोस.

मी बरीच वर्षं एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात होते, मुलाखतींच्या पॅनेलवरही बसले. नवीन रेणू शोधणाऱ्या गटात माणूस घेताना डिग्रीचं नाव आम्ही वाचायचो आणि बाजूला ठेवायचो. फळ्यावर एक रचना काढायची आणि विचारायचं, हे कसं बनवशील? रिॲक्शन अडली तर काय बघशील? रेणूची रचना सांगणारा हा एनएमआरचा आलेख वाच. टीएलसीवर दोन ठिपके एकमेकांना चिकटून आलेत, ते दोन पदार्थ वेगळे करायला कॉलम कसा लावशील? ‘मेडिसिनल’चं सर्टिफिकेट असलेली आणि कॉलम लावता न येणारी मुलं यायची, आणि साध्या ऑरगॅनिकची, पण हात बसलेली मुलंही यायची. कुणाला घेतलं असेल ते तू ओळख.

म्हणून तुझ्या ऑफरकडे या बाजूनं बघ. ब्रिटनमधल्या एक वर्षाच्या ‘टॉट’, म्हणजे मुख्यतः वर्गात शिकवल्या जाणाऱ्या एम.एस्सी.त साधारणपणे दोन सत्रं लेक्चर, असाइनमेंट, परीक्षा आणि मग उन्हाळ्यात तीन-चार महिन्यांचा प्रोजेक्ट. शिक्षण चांगलं असतं, त्यात वाद नाही. स्वतःच्या जबाबदारीवर रिॲक्शन लावायला मिळते ती मात्र मुख्यतः त्या तीन-चार महिन्यांत, आणि प्रोजेक्ट कॉम्प्युटरवरचा किंवा नुसता संदर्भवाचनाचा निघाला तर तेवढीही नाही.

मामांना मी उडवून लावणार नाही. त्यांनी जे पाहिलंय ते खरं आहे, आणि त्याला कारण आहे. १९७०च्या आपल्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. मग आपल्या केमिस्टांनी तोच रेणू वेगळ्या, स्वस्त वाटेनं बनवण्यात अशी मांड ठोकली की जगभर आपली जेनेरिक औषधं गेली. सिप्लानं २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा मोठ्या कंपन्यांचा हाच खर्च दहा-बारा हजार डॉलर होता. त्यामागं हेच कौशल्य होतं. २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत आलं, पण उद्योगाची घडण एका रात्रीत बदलत नाही. कुरकुंभ, लोटे, महाड, तारापूर, पाताळगंगा इथल्या नोकऱ्या बहुतेक उत्पादनात, क्यूसीत, क्यूएत (दर्जाची हमी) आणि प्रोसेस आर अँड डीत (बनवण्याची पद्धत सुधारण्यात) आहेत. (क्यूसीला नाक मुरडू नकोस. एचपीएलसी या तपासणी यंत्रावर एखादी अशुद्धी पकडणारा माणूस किती रुग्णांना वाचवतो, ते त्यालाही कळत नाही.) नवे रेणू बनवण्याचं काम भारतात आहे, पण त्यातलं बरंचसं परदेशी कंपन्यांसाठी कंत्राटानं चालतं, मुख्यतः हैदराबाद आणि बंगळुरूला, थोडं पुण्याला. तिथं एम.एस्सी. झालेले रेणू बनवतात. कुठला बनवायचा हे ठरवणारे बहुधा पीएच.डी. असतात. औषधं शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन पीएच.डी. न करता नोबेलपर्यंत गेल्या, हे खरंच. पण त्या १९४०च्या दशकात कामाला लागल्या होत्या. आज ‘औषध शोधायचंय’ म्हणणाऱ्यानं पीएच.डी. गृहीत धरूनच हिशेब मांडावा. एक वर्षाची एम.एस्सी., मग ती कुठलीही असो, तुला त्या टेबलावर नेऊन बसवत नाही.

मग पैशांचा हिशेब. पन्नास लाख, अकरा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड धरली तर हप्ता महिन्याला एकोणसत्तर हजारांच्या आसपास बसतो. शिकताना चढलेलं व्याज वेगळं. इथं परत येऊन नोकरी धरलीस तर नवख्या एम.एस्सी.चा पगार त्या हप्त्याच्या निम्म्याला पोचणंही अवघड. म्हणजे फेडायचं तर तिकडंच राहावं लागणार. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारा ग्रॅज्युएट रूट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी तो अठरा महिन्यांवर येतोय. त्यापुढं कंपनीनं स्पॉन्सर करायला हवं आणि पगार सरकारनं ठरवलेल्या मर्यादेच्या वर हवा. जमणारच नाही असं मी म्हणत नाही, काहींना जमतं. पण हे न जमल्यास जाणार ती द्राक्षबाग, आणि ‘न जमल्यास’ याबद्दल तुझ्या पत्रात एक ओळही नाही. वडील तयार आहेत म्हणतेस. त्यांना हप्त्याचा आकडा माहीत आहे का? नसेल तर आधी त्यांच्याजवळ बसून तो कागदावर मांड.

आणखी एक विचारते, रागावू नकोस. आजीच्या आजारपणात तुला काय लागलं मनाला? रेणू, की आजी? दोन्हीतून चांगली आयुष्यं घडतात, पण वाटा वेगळ्या आहेत. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर बेडाक्विलिन नावाचं औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. केमिस्टच्या नजरेनं ते विलक्षण आहे. पोटात घ्यायच्या औषधाचा रेणूभार ५००च्या आत असावा हा या विषयातला पाठ केला जाणारा नियम; हा ५५५चा आहे, तेलात विरघळणारा, शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळणारा, आणि तरीही चालतो. त्याच औषधाचा फ्युमरेट क्षार दाखवून पेटंट लांबवण्याचा कंपनीचा अर्ज मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं फेटाळला. त्याला आव्हान देणाऱ्यांत भारतातल्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा टिसिले होत्या. दोघीही टीबीतून उठलेल्या, आणि टीबीच्या औषधांनी दोघींचीही ऐकण्याची शक्ती गेलेली. आता बघ, यातला कुठला भाग वाचताना तू थांबलीस? नियम मोडणाऱ्या रेणूपाशी थांबली असशील तर तुझं मूळ केमिस्ट्रीत आहे. अर्ज फेटाळला गेला तिथं थांबली असशील तर पेटंट परीक्षक, औषध नियामक यंत्रणा, सार्वजनिक आरोग्य याही वाटा आहेत. पेटंट परीक्षकाच्या परीक्षेला केमिस्ट्रीची एम.एस्सी. चालते. आणि हे सगळं दहावीच्या वर्गाला सांगावंसं वाटलं, तर मामांचं बी.एड.ही इतकं टाकाऊ नाही.

तू रेणूवालीच आहेस असं धरून चालते. मग माझा कौल असा: या वर्षी जमीन तारण ठेवून जाऊ नकोस. कोल्हापूर किंवा पुण्याला एम.एस्सी. ऑरगॅनिकचा फॉर्म भर. सरकारी विद्यापीठाच्या विभागात फी लाखांत जात नाही. काही कॉलेजांत ड्रग केमिस्ट्री नावाचा पर्यायही आहे, पण तिथं लॅब कशी चालते ते स्वतः जाऊन बघितल्याशिवाय नावावर भुलू नकोस. विभागात गेलीस तर पहिल्याच वर्षी एखाद्या मॅडमच्या किंवा सरांच्या संशोधन लॅबमध्ये पाय ठेव, ग्लासवेअर धुवायला लागलं तरी चालेल. येत्या फेब्रुवारीत जॅम द्यायची इच्छा असेल तर अर्ज सप्टेंबरच्या सुमाराला सुटतात. आयआयटी, तसंच सीयूईटीतून हैदराबादसारखं केंद्रीय विद्यापीठ, या दोन्हींकडे बघ. ऑरगॅनिकच्या एम.एस्सी.नंतर गेट किंवा नेट असेल तर मोहालीच्या नायपर या राष्ट्रीय औषधशास्त्र संस्थेत मेडिसिनल केमिस्ट्रीचं दारही उघडं आहे. नेट-जेआरएफ निघाली तर पुण्यात पाषाणच्या एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेत किंवा आणखी कुठं पीएच.डी. करताना महिन्याला ३७ हजार रुपये फेलोशिप आणि वर घरभाडं मिळतं. परदेशाचं स्वप्नही यात बुडत नाही. युरोपात पीएच.डी. ही बहुतेक ठिकाणी पगारी जागा असते, आणि ब्रिटनमधल्या सरकारी निधीच्या जागांपैकी ३० टक्क्यांपर्यंत परदेशी विद्यार्थ्यांना देता येतात. स्पर्धा जबरदस्त आहे. पण तिथं कामाचे पैसे तुला मिळतात.

‘पीएच.डी. होईतो अठ्ठावीस वर्षांची होईन, घरचे लग्नाचं बघतील’, हे तू कंसात लिहिलंयस. अठ्ठावीस तू तशीही होणारच आहेस. बाकी ते घरच्यांशी बोलायचं, मला नाही.

जाणं कधी योग्य ठरेल? शिष्यवृत्तीनं मोठा वाटा उचलला तर लगेच. अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, ती नीट वाच. मुंबईची जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे ती पुढं कधीतरी. दोन-तीन वर्षं एखाद्या कंत्राटी संशोधन कंपनीत हात बसवून, थोडे पैसे साठवून, मग हाच कोर्स केलास तर त्यातून तुला आत्तापेक्षा कितीतरी जास्त उचलता येईल.

तीन आठवड्यांत करायचं ते सांगते. विद्यापीठाला आजच ईमेल टाक: ऑफर एक वर्ष पुढं ढकलता येईल का, डिपॉझिट कुठल्या परिस्थितीत परत मिळतं, प्रोजेक्ट लॅबमधलाच असेल का आणि किती आठवड्यांचा, सिंथेसिस करणाऱ्या गटात जागा मिळण्याची शक्यता किती, आणि गेल्या वर्षीचे परदेशी विद्यार्थी आज कुठं आहेत. उत्तरं लेखी घे, एजंटाच्या तोंडी नकोत. शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर तेही उत्तरच समज. कोल्हापूरच्या प्रवेशपरीक्षेची तारीख चुकवू नकोस. दोन्ही दोर हातात ठेवायला कुणाची हरकत नाही.

आणि हे सगळं वाचून, हप्त्याचा आकडा वडिलांसमोर मांडून, तरीही तुम्ही दोघांनी जायचंच ठरवलंत, तर जाण्याआधीच्या सुटीत बायोकेमिस्ट्री उरकून घे आणि एनएमआरची शंभर गणितं सोडव. तिथं पोचल्यावर पहिल्याच महिन्यात सिंथेसिस करणाऱ्या प्राध्यापकांना जाऊन भेट. प्रोजेक्टचं वाटप उन्हाळ्याच्या बरंच आधी होतं, आणि लॅबमधले चांगले प्रोजेक्ट आधी विचारणाऱ्यांना जातात.